डांसांवर अंगणांतील झाडें : भरंवसा किती ठेवावा?

मृग नक्षत्र लागून दोन सरी पडल्या कीं आमच्या बीड जिल्ह्यांत दोन गोष्टी हटकून सुरू होतात : एक पेरणीची घाई, व दुसरी डांसांची तक्रार. पेरणीविषयीं या मासिकांतून जाणत्यांचे लेख वेळोवेळीं येत असतात. परंतु ऐन खुरपणीच्या दिवसांत घरांतील दोन माणसें तापानें अंथरुणास खिळलीं म्हणजे शेताचे काय हाल होतात, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. डांसांचा प्रश्न हा केवळ आरोग्य खात्याचा नसून शेतीचाहि आहे, असें आम्ही समजतों, व त्याच समजुतीनें हे चार शब्द लिहीत आहों.

अलीकडे डांसांवर एक सोपा उपाय जिकडे तिकडे सांगितला जातो. अंगणांत तुळस, गवती चहा, झेंडू, पुदिना अशीं झाडें लावावीं, म्हणजे डांस घराकडे फिरकत नाहींत, असा हा उपाय आहे. भ्रमणध्वनीवरून तसे संदेश फिरतात, आणि रोपवाटिकांतून 'डांस पळविणारें झाड' या नांवानें रोपें विकलीं जातात. उपाय स्वस्त, दिसावयास सुंदर व आपल्या वडिलार्जित चालीरीतींशीं जुळणारा. त्यामुळें तो कोणासहि चटकन् पटतो. आम्हांसहि तो पटला होता, व त्याचें फळ आम्हांस कसें मिळालें तें प्रथम सांगणें बरें.

महसूल खात्यांतील कारकुनीतून मोकळें झाल्यावर आम्ही गांवीं राहावयास आलों, व पहिल्याच पावसाळ्यांत ओट्याभोंवतीं तुळस आणि गवती चहा यांच्या अकरा कुंड्या मांडल्या. ओटा ओला होऊं नये म्हणून प्रत्येक कुंडीखालीं एकेक बशी ठेविली. त्याच सालीं भाद्रपदांत आमच्या धाकट्या बंधूंचा सात वर्षांचा नातू तापानें फणफणला. डोळ्यांच्या मागें ठणका व अंगभर पुरळ. रक्त तपासतां डेंग्यू निघाला. आठ दिवस पोर इस्पितळांत, व त्याच्या उशाशीं घरांतील तीन माणसें. पोर वांचलें, ही ईश्वरकृपा. शेतांतील मुगाच्या शेंगा मात्र तोडावयाच्या राहिल्या, व त्यांस झाडावरच कोंब फुटले.

पुढें आरोग्य सेवक घरीं चौकशीस आले. आम्हीं मोठ्या अभिमानानें त्यांस कुंड्या दाखविल्या. त्यांनीं झाडांकडे पाहिलेंच नाहीं. खालीं वांकून त्यांनीं कुंडीखालची बशी उचलली व उन्हांत धरली. बशींतल्या दोन बोटें पाण्यांत सुतासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या. नंतर परसांतील रांजण, मोरीजवळचें दोनशें लिटरचें पिंप आणि उन्हाळ्यापासून तसाच पडलेला कूलर यांतहि तेंच दृश्य. डांस पळविण्यासाठीं आम्हीं जें मांडलें होतें, त्याच्याच तळाशीं डांस जन्मास येत होते. त्या दिवसापासून आम्हीं या विषयाचें मिळेल तें वाचलें, जाणत्यांस विचारलें, आणि आमचें जें मत बनलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा भ्रम आमच्यासारख्या अल्पशिक्षितांचाच आहे असें नाहीं. मुंबईस भायखळ्याचा राणीचा बाग, म्हणजे आतांचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालीं लोकांस खुला झाला. सर जॉर्ज बर्डवुड या प्रसिद्ध गृहस्थांनीं १९०३ सालीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत त्या बागेची एक हकीकत लिहिली. बाग तयार होत असतां कामकऱ्यांस डांसांचा फार उपद्रव होई. तेव्हां तेथील हिंदु व्यवस्थापकांच्या सल्ल्यानें बागेच्या सबंध हद्दीवर तुळशी लावल्या, आणि डांस हटून माळ्यांमधील ताप नाहींसा झाला, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र मोठ्या माणसाचें, तेव्हां ही गोष्ट देशोदेशीं पसरली. परंतु त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन येथें डॉ. प्राउट यांनीं तुळशीच्याच जातकुळींतील एका झाडावर प्रयोग करून पाहिले. नुसत्या उभ्या झाडानें डांस हटत नाहींत. पानें जाळून धूर केला तर मात्र ते गुंगतात व मरतात, असें त्यांस आढळलें.

मुंबईचा ताप तर तुळशींना न जुमानतां चालूच राहिला. शेवटीं डॉ. बेंटले यांनीं शहराची पाहणी करून १९११ सालीं हिंवतापाच्या कारणांविषयीं अहवाल प्रसिद्ध केला. शहरांतील घरोघरच्या विहिरी व पाण्याचीं टाकीं हें डांसांचें खरें माहेर असल्याचें त्यांनीं दाखविलें. पुष्कळ विहिरी धर्मभावनेशीं निगडित होत्या, त्यामुळें त्यांस हात लावण्यास विरोध झाला. तरी विहिरी झांकणें, नको त्या बुजविणें, टाक्यांस घट्ट झांकणें बसविणें, हाच मार्ग मुंबईस पुढें धरावा लागला. या हकीकतीचें सार आमच्या मतें एवढेंच कीं, उत्तर झाडांत शोधलें, तें सांपडलें पाण्यांत.

डांसानें ताप पसरतो, हा शोध तर आपल्या उंबरठ्यावरच लागला. ज्या हैदराबाद संस्थानांत आपला जिल्हा १९४८ पर्यंत मोडत होता, त्याच संस्थानांतील सिकंदराबादेस २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत हिंवतापाच्या जंतूंचा माग लागला. पुढें १९०२ सालीं त्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. आज या शोधास सव्वाशे वर्षें होऊन गेलीं, तरी डांस कोठें जन्मतो याचा विचार आपण अजूनहि करीत नाहीं, हें आश्चर्य आहे.

डांस सारे एक नव्हेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. हिंवताप आणणारा ॲनॉफिलीस विहिरी, तळीं, पाटाचें सांचलेलें पाणी यांत वाढतो व रात्रीं चावतो. क्युलेक्स गटारांत व उकिरड्याच्या घाण पाण्यांत वाढतो. तोहि रात्रींचाच, व हत्तीरोग पसरविणारा तो हाच. तिसरा एडिस, अंगावर काळेपांढरे पट्टे असलेला. डेंग्यू व चिकुनगुनिया याच्यापासून. २००६ सालीं मराठवाड्यांत चिकुनगुनियाची जी सांथ आली, तींत गुडघे धरून बसलेलीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस याचा प्रताप निराळा सांगावयास नको. हा एडिस घाणींत वाढत नाहीं. त्यास स्वच्छ, सांठविलेलें, न हलणारें पाणी लागतें. शिवाय तो दिवसां चावतो. विशेषेंकरून सकाळीं व सूर्यास्तापूर्वीं. दिवेलागणीस गोठ्यांत व ओसरीवर कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची आपली जुनी चाल आहे. ती रात्रींच्या डांसांस कांहीं वेळ दूर ठेवते, हें खरें. परंतु डेंग्यूचा डांस त्यापूर्वींच आपलें काम उरकून गेलेला असतो. बंद खोलींत असा धूर करणें तर तान्ह्या मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या छातीस घातकच.

आतां झाडांकडे वळूं. त्यांच्यांत कांहींच गुण नाहीं, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. गुण आहे, पण तो पानांतील तेलांत आहे, झाडाच्या उभें राहण्यांत नाहीं. शेतकऱ्यास हें समजणें अवघड नाहीं. बांधावरच्या गवती चहाजवळून आपण दहा वेळां जातों, तेव्हां वास येत नाहीं. एक पात चुरगाळली कीं हात दिवसभर दरवळतो. तेल पानाच्या पेशींत कोंडलेलें असतें. तें पान चुरडल्याशिवाय किंवा भट्टींत ऊर्ध्वपातन केल्याशिवाय बाहेर येत नाहीं. गवती चहाचेंच भावंड जें सिट्रोनेला गवत, त्याच्या तेलानें डांस दूर राहतात, हें सिद्ध आहे. परंतु तें तेल लवकर उडून जातें, व त्याचा अंमल फार तर तास दोन तास टिकतो. रोपवाटिकेंत 'डांस पळविणारें झाड' म्हणून विकल्या जाणाऱ्या एका सुगंधी झाडाची कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९९६ सालीं परीक्षा केली. झाड जवळ असलें काय नि नसलें काय, डांसांच्या चावण्यांत फरक पडला नाहीं. इतकेंच नव्हे, तर डांस त्या झाडावरच येऊन बसतांना दिसले.

झेंडूविषयीं मोठा घोटाळा आहे. टोमॅटोच्या व कपाशीच्या कडेनें झेंडू सापळा पीक म्हणून लावतात, व त्याच्या मुळ्यांनीं जमिनींतील सूत्रकृमी कमी होतात. यावरून तो डांसांवरहि चालत असेल, अशी समजूत झाली असावी. डांसांवर ज्या फुलाचा खरोखर उपयोग झाला तें झेंडू नव्हे. तें शेवंतीच्या कुळांतील, मूळ डाल्मेशियाकडचें पायरेथ्रम नांवाचें पांढरें फूल. त्याच्या भुकटीपासूनच जपानांत डांसांच्या उदबत्त्या प्रथम झाल्या. तेथेंहि फूल वाळवून, दळून, जाळावें लागलें. वाफ्यांत नुसतें फुलवून भागलें नाहीं.

कडुनिंबाचा मान या सर्वांत मोठा, व तो त्यास शोभतो. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं खोबरेल तेलांत दोन टक्के निंबोळी तेल मिसळून तें अंगास लावून पाहिलें, तेव्हां हिंवतापाच्या डांसांपासून रात्रभर चांगला बचाव झाल्याचें त्यांनीं नोंदविलें. आमच्या बांधाबांधांवर निंबोळ्या पडून सडतात; त्यांचें तेल या कामीं येऊं शकतें. मात्र तें प्रथम मनगटावर थोडेंसें लावून पाहावें, आणि लहान मुलांच्या पोटांत चुकूनहि जाऊं देऊं नये. तें विषासमान आहे. तात्पर्य, झाडें लावावीं, त्यांचें तेल वापरावें, तुळशीस पाणी घालावें; परंतु झाड लावलें म्हणून मच्छरदाणी गुंडाळून माळ्यावर टाकूं नये. मच्छरदाणीची बरोबरी कोणतेंहि झाड करूं शकत नाहीं. दिवसां झोपणाऱ्या मुलांवर तर ती दिवसांहि सोडावी.

आतां खऱ्या मुद्द्याकडे. आपला जिल्हा अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेला. २०१५-१६ चा आम्हीं स्वतः कचेरींत बसून पाहिला. त्या सालीं टंचाईच्या कामावर असतां टँकरच्या खेपांची नोंदवही आमच्याकडे होती. गांव, वाडी, खेप किती, लिटर किती, पोंचल्याची सही. सारे रकाने भरलेले. परंतु तें पाणी ज्या भांड्यांत जाऊन बसतें, त्या भांड्यांस झांकण आहे कीं नाहीं, याचा रकाना त्या वहींत नव्हता, आणि तो असावा असें आमच्याहि मनांत कधीं आलें नाहीं. पाण्याची खात्री नाहीं म्हणून माणूस मिळेल त्या भांड्यांत पाणी भरून ठेवितो : रांजण, हंडे, पिंपें, सिमेंटचे हौद, छपरावरच्या टाक्या. जेथें पाणी मुबलक, तेथेंच डांस, असें लोक समजतात. पण डेंग्यूच्या बाबतींत टंचाईचा गांवहि तितकाच धोक्यांत असतो. पाऊस नाहीं म्हणून ताप नाहीं, असें समजणारा फसतो.

एडिसची मादी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडीं घालते, व तीं पाण्यांत नव्हे, तर भांड्याच्या आंतल्या अंगास, पाण्याच्या रेघेच्या जरा वर चिकटविते. अंड्यापासून उडता डांस होण्यास आपल्या हवेंत सात ते दहा दिवस लागतात. पाणी आटलें तरी तीं अंडीं अनेक महिने जिवंत राहतात, व पुन्हां पाणी लागतांच फुटतात. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात, घरें पांच पांच महिने बंद राहतात, व भांडीं जशींच्या तशीं उघडीं पडतात. परत आल्यावर त्यांतच पाणी भरलें कीं मागील सालचा डांस यंदा उडूं लागतो. जातांना प्रत्येक भांडें घासून पालथें घालून जाणें व आल्यावर पुन्हां घासूनच भरणें, एवढ्यानें हें टळतें.

आरोग्य खातें आठवड्यास एक 'कोरडा दिवस' पाळावा असें सांगत असतें. त्याचें मर्म वरील हिशेबांत आहे : डांस होण्यास सात दिवस लागतात, तेव्हां सातव्या दिवसाच्या आंत भांडें रिकामें झालें कीं त्यांतील पिढी संपली. यावर आमचे शेतकरी बंधु म्हणतात, 'घागरभर पाण्यासाठीं विहिरीवर भांडणें होतात, आणि तुम्ही भरलेलें पाणी ओतावयास सांगतां?' हा आक्षेप खरा आहे, व शहरांत बसून सूचना करणाऱ्यांनीं तो मनावर घेतला पाहिजे. परंतु त्यास उत्तर आहे. पाणी ओतूं नये. दुहेरी फडक्यानें गाळून दुसऱ्या भांड्यांत काढावें. फडक्यांतील अळ्या उन्हांत कोरड्या जमिनीवर झटकाव्या. त्या लागलीच मरतात. मग रांजणाच्या आंतील कड काथ्यानें खरखरून घासावी, कारण अंडीं तेथें आहेत. नुसतें विसळून भागत नाहीं. नंतर गाळलेलें पाणी परत भरून तोंडास फडकें घट्ट बांधावें. तळाशीं जो तांब्या दोन तांबे गढूळ पाणी उरतो, तो अंगणांतील तुळशीस, कढीपत्त्यास, जास्वंदीस घालावा. जमीन पाणी पिऊन घेते व अळी कोरडी पडते. अंगणांतील झाड डांसांविरुद्ध खरें काम करतें तें असें. कुंडीखालच्या बशा मात्र काढून टाकाव्या, किंवा त्यांत वाळू भरावी.

दिवस कोणता धरावा, याविषयीं आमच्या नोंदवहीचा अनुभव कामास येतो. टँकर येण्याच्या आदल्या दिवशीं घरोघरचीं भांडीं तळास गेलेलीं असतात. त्याच दिवशीं घासणें कमी श्रमाचें व कमी पाण्याचें होतें. ज्या गांवीं नळास चार-आठ दिवसांनीं पाणी येतें, तेथें नळाच्या वाराचा आदला दिवस धरावा. पण सर्व गांवानें एकच वार धरला पाहिजे. एडिस डांस जन्मस्थानापासून फार लांब जात नाहीं. फार तर कांहींशें पावलें. याचा अर्थ असा कीं, आपल्या पोरास चावणारा डांस बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्याच रांजणांतला असतो. एकानें घासलें व दुसऱ्यानें ठेवलें, तर घासणाऱ्याचे श्रम फुकट. भावकीचें भांडण असलें तरी या एका बाबतींत एकी ठेवावी.

जें पाणी रिकामें करतां येत नाहीं, म्हणजे विहिरी, गुरांचे मोठे हौद, शेततळीं, त्यांत मासे सोडावे. गप्पी नांवाचे चिमुकले मासे डांसांच्या अळ्या खातात, व आरोग्य केंद्रामार्फत ते मिळवितां येतात. २०१६ नंतर 'मागेल त्याला शेततळें' योजनेंतून आपल्याकडे शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली. ज्यांनीं त्यांत रोहू, कटला सोडले, त्यांस उत्पन्नहि झालें. परंतु कांठाच्या उथळ पाण्यांतील अळ्यांकडे गप्पी अधिक चांगलें लक्ष पुरवितो. कांठचें गवत व शेवाळ काढीत राहावें, म्हणजे माशांस तेथवर जातां येतें. मात्र गप्पी ओढ्यांत, नदींत सोडूं नये. तेथें तो स्थानिक माशांच्या वाट्यास जातो. विहिरीवर मोटार असल्यास फवारणीच्या औषधाचे डबे तेथें धुऊं नयेत. एका डब्यानें सारे मासे मरतात व आपण पुन्हां पहिल्या पावलावर येतों. पिण्याखेरीजच्या पाण्यांत आरोग्य सेवक टेमिफॉस घालावयास आले, तर त्यांस दारांतून परत लावूं नये.

आमच्या मंडळास आमची एक सूचना आहे. मंडळाच्या बैठकींत बियाणें, खतें, बाजारभाव यांची चर्चा होते, तशी ज्येष्ठांत एकदां या विषयाची व्हावी, व प्रत्येक गांवच्या सभासदांनीं आपल्या ग्रामपंचायतींत कोरड्या दिवसाचा वार ठरवून घ्यावा. यास सरकारी मंजुरी लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. काथ्या, फडकें आणि अर्धा तास लागतो. हें काम घरांतील बायकांवर टाकून पुरुषांनीं पारावर बसूं नये, हेंहि येथें नमूद करतों. भरलेला रांजण एकट्या बाईनें वांकवावयाचा नसतो.

आमच्या ओट्यावर तुळशीच्या कुंड्या अजून आहेत. बशा गेल्या. दर बुधवारीं रांजणाच्या तळचें पाणी त्यांस मिळतें, आणि बंधूंचा नातू फडकें धरून उभा राहतो. अळी दिसली कीं तो आधीं मोजतो व मग झटकतो. पहिल्या महिन्यांत त्याचा आंकडा शंभरावर जाई. गेल्या आषाढांत तो दोन अंकींहि झाला नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरीं एकदां असें मोजून पाहावें, व आंकडा काय निघतो तो या मासिकास कळवावा, अशी आमची विनंति आहे.